चष्म्याशिवाय वाचलेलं पान

"संपादनाचं राहू द्या नाना. एजंट कोण धरू, तेवढं सांगा. हल्ली मोठे प्रकाशक एजंटशिवाय दारात उभं करत नाहीत म्हणे."

वृंदा हसबनीसने पहिल्या कादंबरीचा गठ्ठा पुढे सरकवला. कॉलेजात कादंबरी शिकवण्यात तिचा जन्म गेलेला. संपादक आपल्याला नावापुरता लागतो, हे मत लपवायची तसदी तिने घेतली नव्हती.

वाईच्या भार्गवनानांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर हात फिरवला होता. त्यांची पद्धत एकच. स्वतः वाचायचं नाही. लेखकाला वाचायला लावायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं.

"शेवटचं प्रकरण वाचा, बाई."

"शेवटचं? आधीची गोष्ट कळायला नको?"

"वाचा तर."

ती वाचू लागली. लहानगी रेवा तापाने फणफणलेली. हॉस्पिटल. उशाशी आई. आणि मग डॉक्टर येतात, कपाळाला हात लावतात, म्हणतात, ताप उतरला, हिला घरी न्या.

वाचता वाचता तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. वाचन मात्र थांबलं नाही.

"चष्मा हातात आहे तुमच्या," नाना म्हणाले.

तिचं वाचन थांबलं.

"पान पाठ आहे?"

"पुन्हापुन्हा लिहिलंय. जमतच नव्हतं."

"दर वेळी रेवा बरी होते?"

"होते."

"आणि तुमच्या घरी?"

वृंदाने चष्मा चढवला, पुन्हा काढला. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"माझी लेक नाही आली परत, नाना… तिथूनच गेली."

इतका वेळचा तोरा कुठल्या कुठे गेला. ती हमसून रडली. नानांनी तिला रडू दिलं.

"पुस्तक निघालं तर ती कुठेतरी राहील, म्हणून ही एजंटची घाई," ती म्हणाली. "पण हे पान खोटं आहे, मला कळतं ना. तुम्ही पेन्सिल घ्या आणि मारा काट. माझा हात धजत नाही."

नानांनी पेन्सिलीला हात लावला नाही. गठ्ठ्यातून तेवढं एक पान अलगद काढलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"बाकीचं माझ्याकडे राहू द्या. एजंटचंही मी बघतो… हिला तुम्ही घरी न्या."