भिवरा कासारणीच्या शंभर मोहरा

एका राज्यात बांगड्यांची किणकिण बंद पडली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

राज्य चांगलं होतं. नदीला पाणी होतं, राजाला अक्कल होती, निदान सिंहासनावर बसण्यापुरती तरी होती. पण पश्चिमेच्या घाटात दरड कोसळली आणि व्यापाऱ्यांचे तांडे यायचे थांबले. तांडे थांबले तसा बाजार ओस पडला, बाजार ओस पडला तशी लग्नं लांबली, आणि लग्नंच नाहीत म्हटल्यावर कासाराला कोण विचारतं? एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं उजाडलं.

त्या राज्यात हैबती कासार आणि त्याची बायको भिवरा राहत. हैबती भट्टीवर काच ओढून बांगड्या घडवी. भिवरा दारोदार जाऊन बायकांच्या हातांत बांगड्या भरी. तिचा हात इतका हलका, की रडत आलेली पोर बांगड्या भरून होईतो झोपून जाई. कासारांचा तिथे एक रिवाज होता, तो राजाच्या हुकमांपेक्षा जुना होता. बांगडी भरताना पिचली तर नुकसान कासाराचं. भरून झाल्यावर, बाई घरी गेल्यावर पिचली तर बाईचं. कारण हात पाहणं हे कासाराचं काम. बाईला हौस असते, माप कासाराला कळतं. एखादी म्हणेच, "घट्ट असली तरी चालेल, ढकला." भिवरा ढकलत नसे. "आक्का, हात तुमचा, पण बांगडी माझ्या हातात आहे," असं म्हणून ती मोठं माप काढी.

दुसऱ्याच्या हाताच्या बाबतीत अशी शहाणी बाई. स्वतःच्या हाताचं मात्र चुकली, ते कसं ते ऐका.

एके दिवशी तिच्या घराच्या आढ्यावर एक साळुंकी येऊन बसली. सात दिवस गप्प बसली. आठव्या दिवशी बोलू लागली.

"भिवराबाई, काजळी डोंगरात कालकंठ महाराज राहतात. मागेल त्याला मोहरा देतात. राजकन्येचं लग्न निघालंय, ठाऊक आहे ना? साऱ्या राज्याला हिरवा चुडा लागेल. भट्टी पेटवायची ती आत्ताच."

घरात दोन दिवसांचं पीठ होतं. भिवराने स्वतःच्या हातांतल्या बांगड्याही विकल्या होत्या, एकेका हातात एकेक तेवढी ठेवली होती. हैबतीला न सांगता ती डोंगर चढली.

कालकंठ हा जादूगार होता. दिसायला देखणा, बोलायला मधाळ, आणि त्याच्या गुहेत मोहरांच्या सात कोठड्या होत्या.

"किती हव्यात?"

"दहा, महाराज."

"दहांनी काय होतं? शंभर घ्या."

"शंभर फेडायच्या कशा?"

"लग्नसराई तोंडावर आहे आणि फेडायची काळजी? घ्या हो."

"आणि तारण?"

"घरात सगळ्यांत प्रिय काय, तेवढं सांगा. मी काही नेत नाही. नुसतं ध्यानात ठेवतो."

भिवरा लाजली. म्हणाली, "आमच्या धन्यांचे हात." आणि तिने मेणावर अंगठा उमटवला. शंभर मोहरा ओटीत घेताना तिच्या मनाने एकदा मागे ओढलं होतं. तिने ते ऐकलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

दहा मोहरांत घराला आणि भट्टीला लागलं तेवढं आणलं. नव्वद मोहरांची हिरवी काच घेतली, चाळीस ओझी. हैबतीला सांगितलं, काच उधारीवर मिळाली. मग कळलं की राजकन्या नऊ वर्षांची आहे आणि सध्या तिला फक्त भोवरा हवा आहे. काच अंगणात पडून राहिली.

पहिली अमावास्या झाली. सकाळी हैबती न्याहारीला बसला. भाकरीला हात घातला आणि ताटलीवर किणकिण झाली. त्याची दहाही बोटं काचेची झाली होती. ऊन आरपार जात होतं.

"भिवरे," तो हळूच म्हणाला, "माझी बोटं वाजतात गं."

भिवराने सगळं सांगितलं. मोहरा, मेण, अंगठा, साळुंकी, काहीच ठेवलं नाही. सांगताना तिने मान वर केली नाही. हैबतीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"तू दहाच मागितल्यास ना?"

"दहाच, धनी."

"मला विचारलं असतंस तर मीही दहाच म्हणालो असतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि शंभर समोर ठेवल्या असत्या तर मीही घेतल्या असत्या. रड आता पुरे. भाकरीचा तुकडा मोड, मला भूक लागलीय."

त्या दिवसापासून ती त्याला घास भरवू लागली. दुसऱ्या अमावास्येला काच कोपरापर्यंत चढली. तिसऱ्या अमावास्येला ती छातीत उतरणार आणि काळीज काचेचं होणार, हे कुणी सांगायला नको होतं. भट्टी विझली, हैबतीचं गाणंही थांबलं. भिवरा राजाकडे गेली.

राजा म्हणाला, "अंगठा तुझाच का?"

"माझाच, महाराज."

"मग मी काय करणार? ज्याने घेतलं त्याने फेडावं."

बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ऐन उन्हाळ्यात त्याचा उजवा हात शालीखाली होता, आणि तो हलला तेव्हा शालीतून बारीक किणकिण आली. दरबारात कुणाला ती कळली नाही. कासारणीला कळली. तिने मुजरा केला आणि ती थेट काजळी डोंगराकडे निघाली.

"महाराज, मुद्दल फेडीन. वेळ द्या आणि माणूस सोडा."

"व्याजच हजार मोहरा झालंय," कालकंठ म्हणाला. "पण तू कष्टाळू दिसतेस. तीन कामं कर, हैबतीला सोडतो."

पहिलं काम, सातही कोठड्यांतल्या मोहरा रिठ्याच्या पाण्याने धुऊन पुसायच्या. भिवरा पदर खोचून बसली. मोहर हातात घेतली की तिच्यातून काहीतरी ऐकू येई, कुणा कर्जदाराच्या घरातून गेलेलं. एकीत कुणा म्हातारीची झोप घोरत होती. एकीत एका घरातलं संध्याकाळचं हसणं होतं. आणि सातव्या कोठडीत, ढिगाच्या तळाशी, एका मोहरेत हैबतीचं गाणं सापडलं, काच ओढताना तो म्हणायचा तेच. भिवराला ती कनवटीला लावता आली असती. पण चोरून नेलेलं गाणं घरी जाऊन गाईल का, याची तिला खात्री वाटेना. तिने ती मोहर पदराने पुसली, गालाला लावली आणि जागेवर ठेवली.

सात दिवसांनी कालकंठ म्हणाला, "काम झालं खरं. पण सात दिवस माझ्या गुहेत राहिलीस. त्याचं भाडं सात मोहरा, ते व्याजात धरलं."

दुसरं काम सांगितलं. त्याची साळुंकी सावरीच्या शेंड्यावर जाऊन बसली होती आणि खाली येत नव्हती. तिला आणायचं. भिवरा झाडाखाली उभी राहिली. हीच ती साळुंकी, हे तिने ओळखलं. तिला राग आला, चांगलाच आला. मग तिची नजर पाखराच्या पायाकडे गेली. पायात काचेचं कडं होतं, इतकं घट्ट की पाय सुजून गाठीसारखा झाला होता.

"खाली ये," भिवरा म्हणाली. "पाय बघू दे."

"मारशील."

"मारीन नंतर. आधी पाय बघू."

साळुंकी खाली आली. भिवराने झोळीतला रिठा भिजवून फेस केला, पायाला लावला, आणि बोलता बोलता, गोल फिरवत फिरवत, कडं न पिचता काढलं. साळुंकी रडू लागली.

"एका घरट्यापुरत्या काड्या घेतल्या होत्या त्याच्याकडून. त्या फेडता फेडता ही चाकरी नशिबी आली. सात दिवस मी तुझ्या आढ्यावर बसले ते तुझी विक्री मोजायला. दिवसाला दोन बांगड्या. मी त्याला सांगितलं, ही दहा मोहरा कशाबशा फेडील, अकरावी फेडू शकणार नाही. तो म्हणाला, 'मग शंभर देऊ.'"

भिवराने काढलेलं कडं झोळीत टाकलं.

"आणखी ऐक," साळुंकी म्हणाली. "त्या धनाला शाप आहे. घेणाऱ्याचा दोष आणि देणाऱ्याचा दोष, दोन्ही एकाच तोंडून कालकंठासमोर खरेपणाने निघाले की ते धन त्याच्याजवळ राहत नाही. आजवर जो आला तो एक तर 'मी बिचारा फसलो' म्हणाला, नाही तर 'मीच करंटा' म्हणून कपाळ बडवत परत गेला. दोन्ही कुणाच्या तोंडून निघालं नाही."

भिवरा साळुंकीला खांद्यावर घेऊन गुहेत आली. तोवर अमावास्येला एकच दिवस उरला होता.

तिसरं काम. कालकंठाने एक बांगडी पुढे केली, लाल काचेची, आत सोन्याची रेघ. "ही माझ्या हातात भर. पिचली तर हैबती माझा."

भिवराने त्याचा हात हातात घेतला. रोजच्यासारखाच घेतला, अंगठा आत दुमडला, सांधे दाबून पाहिले. हात थंडगार होता. मग तिने बांगडी खाली ठेवली.

"हा हात या बांगडीचा नाही. मी भरणार नाही."

"मी सांगतोय ना, ढकल!"

"हात तुमचा, महाराज, पण बांगडी माझ्या हातात आहे. माप कळत असताना ढकलली तर पिचल्याचं नुकसान माझं. आमचा रिवाज आहे." तिने श्वास घेतला. "आता माझ्या हाताचं सांगते. दहा मागितल्या त्या माझ्या गरजेच्या. त्या मी फेडीन. शंभर पाहिल्यावर मला हाव सुटली. नवऱ्याला विचारलं नाही, खोटं सांगितलं, आणि आखडता घ्यायचा तेव्हा हात पुढे केला. तो दोष माझा, तुमच्या माथी मारत नाही. पण माझा हात तुम्ही पाहिला होता. सात दिवस पाहिला होता. त्यात दहा मावतात, शंभर मावत नाहीत, हे तुम्हांला माझ्याहून आधी ठाऊक होतं. तरी ढकललीत, कारण ती पिचायलाच हवी होती. भरताना पिचली ती बांगडी तुमची, महाराज."

"पाहिला होता," खांद्यावरून साळुंकी म्हणाली. "मीच मोजून आणलं होतं."

सातही कोठड्यांची दारं आपोआप उघडली.

"रिवाज गेला खड्ड्यात!" कालकंठ ओरडला. "माझा हात आहे, माझी बांगडी आहे!" त्याने ती उचलली आणि स्वतःच्याच हातात रेटली. सांध्यापाशी ती अडली. त्याने आणखी रेटली, आणि ती पिचली.

त्यासरशी मोहरा बाहेर निघाल्या. घरंगळत, नाचत, एकमेकींना ढकलत त्या डोंगर उतरल्या आणि ज्याचं त्याचं घर शोधत गेल्या. कुणाला झोप परत मिळाली, कुणाला भूक, कुणाला हसू. एक मोहर गाणं म्हणत कासारवाड्याच्या वाटेला लागली. भिवराने ते गाणं उतारावरून जाताना ऐकलं आणि ती तोंडात पदर धरून रडली.

गुहेत एक म्हातारा उरला. त्याची जादू गेली होती, रूप गेलं होतं, हातातून रक्त येत होतं. भिवराने पदराची चिंधी फाडली आणि ते बांधलं.

"दहा मोहरा माझ्याकडे येणं आहे तुमचं," ती म्हणाली. "दर बाजाराला एक आणून देईन."

"मला?" म्हाताऱ्याला समजेना. "अजून?"

"घेतल्या होत्या ना."

ती घरी आली तेव्हा हैबती अंगणात हिरव्या काचेच्या ओझ्यांपाशी बसला होता. हात पुढे धरून तो बोटं मिटत होता, उघडत होता. ती आली तशी त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात ऊबदार होते.

राजाचंही सांगायला हवं. त्याने भर दरबारात शाल बाजूला केली, मोकळा झालेला हात दाखवला आणि म्हणाला, "मीही घेतलं होतं. दरड उपसायला म्हणून घेतलं आणि महालाच्या कळसाला लावलं. लाजेपायी तुम्हांला न्याय दिला नाही." मग त्याने कळस उतरवून विकला आणि त्या पैशांत घाट मोकळा केला. राज्यभर हुकूम निघाला, की उसने देणाऱ्याने आधी हात पाहावा, आणि मावत नसताना ढकलेल त्याचं ते बुडालं असं समजावं. घेणाऱ्यानेही आपली ऐपत खरी सांगावी. साळुंकीला घाटातल्या पहिल्या झाडावर घरटं बांधायला राजाने एक भारा काड्या दिल्या, बिनव्याजी.

तांडे आले, लग्नं निघाली, चाळीस ओझी काच अपुरी पडली. दहाव्या बाजारी दहावी मोहर फिटली. त्या दिवशी हैबतीने भिवराला अंगणात समोर बसवलं. साऱ्या राज्याच्या हातांत बांगड्या भरणाऱ्या बाईच्या हातात अजून एकेकच होती.

"आण हात," तो म्हणाला. त्याने सांधे दाबून पाहिले, माप काढलं, एकेक बांगडी भरू लागला. त्याला भट्टीची सवय, भरण्याची नव्हती. अकरावी बांगडी टचकन पिचली.

"ही माझी," हैबती म्हणाला.

"अर्धी माझी," भिवरा म्हणाली. "मी हसताना हात हलवला."

आणि दोघं हसली, तेव्हा साऱ्या आळीला किणकिण ऐकू गेली. जसा त्यांचा हात कर्जातून सुटला तसा ऐकणाऱ्यांचा सुटो, आणि ज्याच्या हातात बांगडी असेल त्याला आधी हात पाहायची बुद्धी होवो.