मोराची मात्रा

तीन अपडेटांपूर्वी, म्हणजे पडद्यावरच्या जगात फारच जुन्या काळी, पाखरांच्या एका ॲपमध्ये चित्राखालचा शब्द दाखवणारी एक चौकट राहत होती. ॲप बनवायला शिकणाऱ्या वृंदाने इंग्रजी शब्दावर मापून तिची उंची ठरवून टाकली होती, आणि त्या उंचीचा तिला भारी तोरा होता.

एके दिवशी वृंदाने मोराचं चित्र लावलं आणि खालच्या या चौकटीत ‘मोर’ हा शब्द पाठवला. म आला, काना आला, र आला. मात्रा तेवढी बाहेर अडकली.

“अगं, जराशी उंच होतेस का? मला डोक्यावर बसायचंय,” ती अजिजीने म्हणाली.

“एवढ्याशा तिरप्या रेघेसाठी मी वाढू? हॅट्! तुझ्यावाचून काय अडलंय?” चौकटीने तिला वरच्या वर छाटून टाकलं.

तेवढ्यात वृंदाची पाच वर्षांची भाची ओजल फोन घेऊन बसली. “म ला काना मा, र... मार!” तिने मोठ्याने वाचलं, आणि दोन्ही हातांनी मोराला फटाफट बडवायला लागली.

पिसारा फुलवून उभा असलेला मोर चौकटीकडे नुसता बघत राहिला.

“मी कुठे असं म्हटलं?” ती पुटपुटली. पण तिच्या अंगावर तेच लिहिलेलं होतं.

वृंदाने कपाळावर हात मारला. ठरवलेली उंची पुसून तिने लिहिलं, ‘शब्द मावेल एवढी’.

तेव्हापासून कोणताही शब्द आला की चौकट आधी विचारते, “डोक्यावर कुणी आहे का? थांबा हं, मी वाढते.”