पोकळ बेहड्याला तीन ठोके

फार जुनी गोष्ट आहे. तुमच्या पणजोबांनाही ती ऐकूनच ठाऊक होती, म्हणजे बघा.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि डोंगरावर घनदाट रान. रानात धनेश राहायचे, ते मोठ्या बाकदार चोचीचे पक्षी. धनेश उडाला की त्याच्या पंखांचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जायचा. सकाळी तो आवाज आला की बायका चुलीवर तवा ठेवायच्या. "धनेश गेला गं, उठा आता!" अशी एकमेकींना हाक द्यायच्या. किती साधं सुख होतं ते!

गावाची एक रीत होती. रानातलं झाड तोडायचं, तर आधी कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर तीन ठोके द्यायचे. मग खोडाला कान लावायचा आणि तोंडातलं पान चघळून संपेपर्यंत थांबायचं. आत काही हललं, तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी परतायचं. रानाचे म्हातारे राखणदार धाकूनाना ही रीत कधी चुकवत नसत.

पण रानाला दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. एका वर्षी आग थेट वेशीपर्यंत आली. तेव्हा राजाने ठरवलं, वाळकी आणि पोकळ झाडं काढून रान साफ करायचं. राजा शहाणा होता. तो म्हणाला, "आधी कुणीतरी नीट पाहून या. झाडं काढल्यावर रानाचं काय होईल, ते मला लिहून द्या. कुऱ्हाड त्यानंतर."

म्हणून राजाचा पाहणीदार गावात आला. माणूस वाईट नव्हता हो. भर वैशाखात घाम गाळत त्याने तीन दिवसांत सगळा डोंगर पालथा घातला. फक्त त्याला घाई होती. पाऊस लागायच्या आत काम उरकायचं होतं.

शेवटच्या दिवशी तो बेहड्याच्या एका जुन्या, पोकळ झाडापाशी आला. बरोबर धाकूनाना आणि गावातली चार माणसं होती. वरच्या फांदीवर एक धनेश चोचीत उंबर धरून बसला होता.

"एकटाच आहे. जाईल उडून," पाहणीदार म्हणाला.

नानांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "सरकार, हा जागचा हलत न्हाई. जरा ठोके देऊन बघू का?" आणि त्यांनी गावाची रीत सांगितली.

पाहणीदार हसला. "नाना, अशी सातशे झाडं आहेत. सातशे पानं चघळत बसू? तोवर पुढचा वणवा येईल!"

बरोबरची माणसंही खो खो हसली. नाना ओशाळले. जन्मभर ज्या हाताने ठोके दिले, त्या हाताने त्यांनी दांडा खाली घेतला. एका पानाचा तर वेळ होता! पण चारचौघांत हसं व्हायची भीती माणसाला फार असते. मला नानांचा राग येतो आणि कीवही येते.

पाहणीदाराने लिहिलं, 'पोकळ झाडांत वस्ती नाही. काढल्याने काही बिघडणार नाही.'

आठ दिवसांनी कुऱ्हाडीखाली बेहडा पडला आणि मधोमध फुटला. आत धनेशाची मादी होती आणि दोन पिल्लं. अंडी घालायच्या वेळी ती ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, पंखांची पिसं गाळते आणि नर तिला बारीक फटीतून भरवतो. ती उडणार कशी? तिघांतलं कुणीच वाचलं नाही. नानांनी आपल्या उपरण्यात त्यांना गुंडाळलं आणि तिथेच पुरलं.

नर त्यानंतर चार दिवस येत राहिला. येताना उंबर आणायचा आणि बुंध्यावर ठेवून जायचा. पाचव्या दिवशी तो आला नाही.

वणवे कमी झाले, हे खरंच. पण ढोल्या जवळजवळ उरल्याच नाहीत, तेव्हा बाकीचे धनेशही रान सोडून गेले. फळं खाऊन डोंगरभर बिया टाकणारं कुणी राहिलं नाही. जुने उंबर, नांदरुक वठत गेले आणि त्यांच्या जागी नवी रोपं दिसेनात. गावातल्या चुली उशिरा पेटू लागल्या.

बऱ्याच वर्षांनी, रान विरळ होत चाललंय असं ऐकून, राजाने त्याच पाहणीदाराला पुन्हा रान बघायला धाडलं. आता त्याचेही केस पिकले होते. तो नानांचा हात धरून रानात गेला. राहून गेलेलं एकच पोकळ झाड त्याने शोधलं, तीन ठोके दिले, खोडाला कान लावला आणि तोंडात पान घातलं.

पान संपलं. त्याने दुसरं घातलं, तेही संपलं.

"नाना, आत काहीच हलत नाही."

"आता कसं हलंल, सरकार?" नाना म्हणाले. "तवा ऐकायचं हुतं. तुमी बी अन् म्या बी."

बाळांनो आणि मोठ्यांनो, 'इथे कुणी नाही' असं ठरवण्याआधी, लोक हसले तरी, थांबून कान लावावा.