बिनपट्ट्यांचा वाघोबा

हा आमचा वाघोबा. याचे पट्टे पावसाने पुसलेले नाहीत, आम्ही ते काढतच नाही. खालच्या गावांत वाघोबाच्या दगडावर काजळाचे पट्टे ओढतात. इथे नुसती हळद. पाहुणे नावं ठेवतात, ठेवोत बापडे.

फार पूर्वी वाघ असाच होता म्हणे, नुसता पिवळा. तेव्हा या धनगरवाड्यावर बमू झोरे आणि त्याची बायको ठकू राहत. वणव्यात आई मेलेलं वाघाचं पिल्लू बमूने घरी आणलं, ठकूने ते म्हशीच्या दुधावर जगवलं. पुढे पिल्लाने दूध टाकलं, फासळ्या दिसू लागल्या. रेडकू असं झुरलं की विळा लाल करून डाग द्यायचे. त्याने दुखणं पळतं अशी आमच्यात समजूत. ठकूने पिल्लाचे पाय धरले आणि बमूने पाठीवर, पोटावर, कपाळावर डाग ओढले. जीव लावला होता, म्हणूनच हात आखडला नाही. पिल्लू जगलं, पण उठता येताच रानात निघून गेलं. डाग काळेच राहिले, आणि त्याच्या वंशाला जन्मतःच पट्टे आले, असं सांगतात.

मोठा झाल्यावरही त्या वाघाने वाड्यावरच्या म्हशीला कधी तोंड लावलं नाही.

मग ठकूच्या तान्ह्या मुलीला ताप भरला. ती दूध पिईना. बमूने पुन्हा विळा चुलीत घातला. पहिला डाग बसला, पोर किंचाळली, आणि वाघ दारातून आत आला. बमूकडे त्याने पाहिलंही नाही. आपलं पिल्लू उचलावं तसं मुलीला मानेला धरून उचललं आणि गेला.

माणसांनी रान पालथं घातलं. मुलगी ओढ्याकाठी सापडली. अंगावर ओरखडा नव्हता, मान तेवढी मोडली होती. डाग चाटून चाटून स्वच्छ केलेला होता.

माणसं कुऱ्हाडी घेऊन वाघामागे निघाली, तेव्हा ठकू आडवी आली. म्हणाली, “त्यो तिला वाचवायलाच आला हुता. आपण त्येला वाचवला, तसंच त्येनं तिला.”

तिने विळा डोहात टाकला आणि साऱ्या वाड्याकडून शपथ घेतली, की तापलं लोखंड कुणाच्या अंगाला लावायचं नाही. वाघाचे पट्टे देवाचे नव्हेत, आपल्या हातचे आहेत, ते दगडावर काढायचे नाहीत.

आजही इथे कुणी डाग देत नाही, जनावरालासुद्धा. पोर आजारी पडलं की पाठीशी बांधून डोंगर उतरायचा, दवाखाना गाठायचा. माझी धाकटी बहीण रकमी अशीच वाटेत आईच्या पाठीवर गेली. आईला ते कळलं नाही. ती तिच्याशी बोलत दवाखान्यापर्यंत चालत राहिली.