शेवटच्या घोटाची विहीर

"कट्यार आहे ती! आमच्या मूळपुरुषाची कट्यार!" रंगराव इंगवल्यांनी विहिरीच्या कठड्यावर हात आपटला.

"कट्यारीला टोक असतं, रंगराव. ह्याचं टोक कुठं गेलं?"

"झिजलं."

"आणि अक्कल?" सगुणाक्का म्हणाली. जमलेल्या माणसांत खसखस पिकली.

ऐन जत्रेच्या सकाळी हे भांडण पेटलं होतं. जत्रेला साऱ्या गव्हाणखडी गावानं ह्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि सगळ्यांत शेवटचा घोट मानकऱ्यानं घ्यायचा, ही इथली रीत. विहिरीच्या कोनाड्यातल्या शेंदराच्या गोळ्यात ज्याच्या पूर्वजाचं हत्यार, त्याचा मान. तीन पिढ्या तो इंगवल्यांनी घेतला. पण काल शेंदराचं कवच आपसूक निखळलं आणि आतून वीतभर लांबीची, हातानं घडवलेली सुरी निघाली.

जुन्या हत्यारांच्या जाणकार शर्वरी दामले रंगरावांनीच बोलावलेल्या. दर जत्रेला शेंदराचा एक लेप चढतो, म्हणून त्या भिंग लावून कवचाचे थर मोजत होत्या. "दोनशे अकरा," त्या म्हणाल्या. "सुरी निदान तेवढ्या वर्षांची आहे."

रंगरावांनी मिशीवर हात फिरवला.

"आणि तुमचं घराणं गावात येऊन दीडशे वर्षं झाली, म्हणून गेल्या साली जेवणं घातलीत," सगुणाक्का म्हणाली. "लाडू मीबी खाल्लाय."

सगुणाक्कानं शाळेची पायरी पाहिली नव्हती, पण साठ वर्षं कातडं कापलं होतं. तिनं पिशवीतून स्वतःची रापी काढून सुरीशेजारी ठेवली. दोन्हींची धार अर्ध्या चंद्रासारखी, दोन्हींना उतार एकाच अंगाला. मग जुनी सुरी दगडावर चारदा घासून तिनं चामड्याच्या तुकड्यावर रेटली. दोनशे वर्षं झोपलेलं पातं सुर्रकन वळण घेत गेलं.

"माणूस मारायच्या पात्याला दोन्हीकडून धार लावतात, बाई. ही चामडं कापायची रापी. हिनंच पाणी उपसायची कातडी मोट कापलेली. आमच्या आळीतल्या, माझ्याच घराण्यातल्या गंगव्वाची."

असं सांगतात, की एका दुष्काळात विहिरीचं पाणी पार तळाला गेलं. घागरी पोचेनात, मोटा फाटलेल्या. गंगव्वाचा एकुलता एक बैल, राजा, तहानेनं मेला होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला. त्याचं तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं तिनं उराशी जपून ठेवलं होतं. तेच तिनं मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि ह्या रापीनं मोट कापली. शपथ घेतली, म्हणे, की गावातली शेवटची जीभ ओली होईपर्यंत आपल्या जिभेला पाणी लावायचं नाही. ज्या गावानं तिला कधी कठड्याला शिवू दिलं नव्हतं, ते गाव तिच्या मोटेचं पाणी दिवसभर प्यालं. उन्हं उतरल्यावर तिनं शेवटचा घोट घेतला, आणि पाणी कमळ कोरलेल्या दगडापर्यंत चढलं.

आजही कुठल्याही उन्हाळ्यात पाणी त्या कमळाखाली जात नाही.

एव्हाना सगळं गाव पिऊन झालं होतं. उरले होते रंगराव आणि सगुणाक्का. दामलेबाईंनी रापी दोन्ही हातांनी उचलून सगुणाक्काच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, कोनाड्यात ठेवली आणि तांब्या भरून घेतला. रंगरावांची मान खाली गेली. आता ही पिणार, असं वाटून बायकांनी हलगीवाल्याला खूण केली.

सगुणाक्कानं तांब्या रंगरावांपुढं धरला.

"आधी तुम्ही प्या, रंगराव, गावातलं एक जरी माणूस तहानलेलं असलं, तर आमच्यात पाणी पीत नाहीत."