आर्डव्हेनीच्या बिनखिडकीच्या भिंती

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, एका लांबलचक तळ्याच्या काठी आर्डव्हेनी नावाचं जुनं गाव आहे. अशा तळ्याला तिकडे लॉख म्हणतात. समोर निळं पाणी, पलीकडच्या काठावर दगडी गढी. आणि गावातल्या एकाही जुन्या घराला त्या बाजूने खिडकी नाही. पाहुणे हळहळतात, "एवढा सुंदर देखावा वाया घालवलात!" तेव्हा म्हातारा नावाडी डूगल गिलीस भडकतो. "देखावा? तो कसा झाला, ते आधी ऐका," म्हणतो आणि सांगायला बसतो.

पूर्वी गाव पलीकडे होतं म्हणे, गढीच्या पायथ्याशी. जहागीरदाराने हौसेने गढीला मोठी खिडकी करून घेतली आणि बाहेर पाहिलं, तर काय, झोपड्या आणि त्यांचा धूर! तो धूर त्याच्या डोळ्यांत खुपला. दुपारपर्यंत गाव रिकामं करा, असा हुकूम सुटला.

मारसाली नावाची विधवा चुलीपुढून हलेना. तिच्या घरातला विस्तव सात पिढ्यांत विझला नव्हता. निजताना निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकायचे, ही तिकडची रीत. चूल विझवायला आलेल्या जहागीरदाराच्या कारभाऱ्याला घरात पाणी दिसेना, तेव्हा त्याने तिच्या लेकीसाठी ठेवलेलं दूध उचललं आणि चुलीत ओतलं. मारसालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला घेऊन ती होडीत बसली आणि या काठाला उतरली.

नवं घर बांधताना मात्र तिने गवंड्याच्या हातातली थापी हिसकावली. "आम्ही त्याला दिसायला नको ना? मग नाही दिसणार! तिकडे बोटभर भोक जरी ठेवलंस, तर मी बुजवीन."

सगळ्या गावाने तसंच केलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, असं सांगतात, शिकारीहून परतताना जहागीरदाराची होडी धुक्यात सापडली. दिवस मावळला होता. काठ अगदी जवळ होता, पण एकही दिवा दिसेना. त्याने हाका मारल्या. मारसालीने त्या ऐकल्या, उठलीसुद्धा. मग चुलीकडे पाहिलं आणि खाली बसली.

"वारा आहे," ती लेकीला म्हणाली.

"धुक्यात कसला आलाय वारा, आई?"

सकाळी होडी काठाला लागलेली सापडली, रिकामी. मला काही वाईट वाटलं नाही, असं मारसाली मरेपर्यंत सांगत राहिली. लेक तिच्याशी पुन्हा कधी धड बोलली नाही.

आजही आर्डव्हेनीत पाण्यावरून हाक आली, की हातातलं काम टाकून धावायचं, मग हाक मारणारा कुणी का असेना. ही रीत त्या लेकीने घातली. भिंतीला खिडकी मात्र तिनेही काढली नाही.