आईने धरलेला हात

नदीच्या वळणावरच्या शेवरे गावी, देवीच्या देवळामागच्या बकुळीखाली श्री बकुळनाथ महाराज राहत, तेव्हाची ही गोष्ट. देवळाच्या मंडपाला नवी भिंत झाली होती आणि तिच्यावर देवीचं चित्र काढायचं काम त्र्यंबकशास्त्री चिताऱ्यांनी घेतलं होतं. शास्त्रीबुवांची विद्या मोठी, पण तोंड त्याहून मोठं. शिष्यांच्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता!

त्यांच्या चित्रशाळेत पुरसो नावाचा एक गरीब विद्यार्थी होता. महाराजांवर त्याची भारी श्रद्धा. पण त्याने देवी काढली की तिची मान हटकून एका बाजूला कलायची. शास्त्रीबुवा सगळ्यांदेखत विचारत, "काय रे, आईची मान लचकली वाटतं? शेक देऊ का?" बाकीचे शिष्य खदखदून हसत.

ऐकून ऐकून पुरसोचा हात असा धास्तावला की विचारू नका! देवीचं मुख काढायचं, हीच त्याची परीक्षा ठरली होती. भिंतीवर साडी झाली, दागिने झाले, मुखाच्या जागी मात्र पांढरा चुना तसाच. कुंचला तिथे नेला की बोटं थरथरत. उद्यावर उत्सव आलेला. शास्त्रीबुवांनी सकाळीच बजावलं, "आज आरतीपर्यंत मुख झालं नाही, तर कुंचला खाली ठेव आणि घरी जाऊन गुरं राख. नाहीतर विचार तुझ्या त्या बकुळीखालच्या बुवाला, रंग कालवता येतो का ते!"

ऊन कललं तसा पुरसो रडकुंडीला येऊन महाराजांच्या पायांशी बसला. "महाराज, मला चित्र काढताच येईनासं झालंय. चूक होईल या भीतीनं हातच उठत नाही."

महाराजांनी ओंजळीतली फुलं बाजूला ठेवली. "बरं, चित्र राहू दे. चूक काढता येते का?"

"ती येते हो! तेवढीच येते."

"मग जा, चूकच काढ. पण हातचं राखू नकोस."

पुरसो परतला. चूकच काढायची तर भ्यायचं कशाला? भाकरी थापता थापता मान कलती करून "आलास का रे?" म्हणणारी आई त्याला आठवली आणि कुंचला सरसर चालू लागला. मान कलली ती कललीच!

तेवढ्यात शास्त्रीबुवा आले. "सत्यानाश!" म्हणत त्यांनी ओलं फडकं उचललं. पुरसोने मनोमन महाराजांचा धावा केला. आणि काय आश्चर्य! फडकं देवीच्या गालापाशी पोहोचलं आणि शास्त्रीबुवांचा हात जागीच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. कांकणं किणकिणली. मनगटाभोवती कोणाची तरी मऊ पण घट्ट मूठ आवळली होती. शास्त्रीबुवा घामाने डबडबले. पुरसोची थरथरत तशीच आता त्यांची बोटं थरथरू लागली.

"सोड गं आई, तेही लेकरूच आहे," मंडपाच्या पायरीवरून महाराज म्हणाले.

हात सुटला. मनगटावर कांकणांचे वळ उमटले होते. शास्त्रीबुवांनी वर पाहिलं. पान वाढून वाट बघावी, तशी देवी मान कलती करून त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना हुंदका आवरेना. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून ते म्हणाले, "चुका काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा ताठा होता महाराज. आज आईनंच धरला!"

"धरला ना? मग आता तुम्ही तिचा सोडू नका," महाराज हसून म्हणाले.

आरतीला शास्त्रीबुवा हात जोडून देवीपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांचीही मान एका बाजूला कलली होती. पुरसोने ते पाहिलं, पण चूक काढली नाही.